कवितेतली ‘मी’ कोण?

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून दोन भागांत झालेलं बोलणं. छापण्यासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

जेवणं उरकली असतील, भांडी राहिली असतील. असू द्या. रेडिओ ओट्यावर ठेवा आणि हात चालू राहू द्या, कारण आजचं बोलणं जरा लांबणार आहे.

सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करणार आहोत. गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक ताई आल्या होत्या. नाव-गाव सांगत नाही, त्यांनी तसं बजावलंय. बचत गटाच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्या कविता लिहितात. त्यातली एक त्यांनी माइकसमोर वाचली. पाळणा बांधून ठेवलाय, झबली शिवून झालीत, आणि बाळ घरी आलंच नाही, अशी ती कविता होती. वाचून झाल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या जिच्याकडे त्या दिवशी कार्यक्रम होता तिने, थेट प्रसारण चालू असताना, विचारलं, “ताई, हे तुमच्याच घरी घडलं ना?” ताई गप्प झाल्या. “कविता आहे ती,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नळावर हाच विषय. कधी झालं, कितवा महिना होता, आम्हाला कसं कळलं नाही. घरी सासूबाई म्हणाल्या, घरातलं वेशीवर टांगायला गेली होतीस का? त्यानंतर दोन महिने ताई गटाच्या बैठकीला आल्या नाहीत. हप्ता मुलीच्या हाती पाठवत. कविता लिहायच्या त्या वहीचाही विषय कुणी काढायचा नाही, असं झालं.

आम्ही त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. चहा केला. म्हणाल्या, “मी कविता वाचली, आणि तुम्ही माझ्या घरात डोकावलात.”

तेव्हापासून हा प्रश्न आमची पाठ सोडत नव्हता. कवितेत ‘मी’ म्हणते ती बाई आणि कविता लिहिते ती बाई, या दोघी एकच असतात का? आम्ही वाचायला लागलो, तेव्हा कळलं की साठ-पासष्ट वर्षांपूर्वी अमेरिकेत याच प्रश्नावर मोठं रान उठलं होतं. त्यात मध्यभागी दोन बायका होत्या. दोघी आया, दोघी घर सांभाळून लिहिणाऱ्या. त्यांची गोष्ट आज सांगतो.

‘कबुली’ हा शब्द

अमेरिकेत बॉस्टन नावाचं समुद्राकाठचं शहर आहे. तिथल्या जुन्या, नावाजलेल्या घराण्यातला रॉबर्ट लॉवेल हा त्या काळचा मोठा कवी. 1959 साली त्याचं ‘लाइफ स्टडीज’ हे पुस्तक आलं. त्यात आईवडील, घरातली कुरबूर, स्वतःचं लग्न आणि मनाच्या आजारापायी इस्पितळात काढलेले दिवस, हे सगळं त्याने ‘मी’ म्हणून मांडलं. तोवर तिथल्या जाणकारांचं मत उलटं होतं. कवीने आपलं खाजगी दुःख बाजूला ठेवावं, कवितेत स्वतः दिसू नये, असं टी. एस. एलियट या कवीने 1919 साली एका निबंधात मांडलं होतं आणि पुढच्या दोन पिढ्यांनी ते प्रमाण मानलं होतं. त्यामुळे लॉवेलचं पुस्तक वाचून लोक दचकले.

एम. एल. रोझेंथाल नावाच्या समीक्षकाने त्याच वर्षी या पुस्तकावर लिहिताना ‘कन्फेशन’ हा शब्द वापरला. ख्रिस्ती लोकांत, विशेषतः कॅथलिक पंथात, माणूस चर्चमध्ये धर्मगुरूपुढे जाऊन आपली पापं सांगतो, त्याला कन्फेशन म्हणतात. त्यावरून अशा कवितेला ‘कन्फेशनल पोएट्री’ हे नाव पडलं. मराठीत कुणी तिला कबुलीची कविता म्हणतं, कुणी कबुलीजबाबाची.

आता तुम्हीच सांगा, कबुलीजबाब कोण देतं? ज्याने गुन्हा केला तो. पोलीस चौकीत, कोर्टात. मग बाळंतपणानंतर एखादीचं मन कोसळलं, तर तो गुन्हा झाला का? पोटातलं मूल गेलं, नवऱ्याशी पटेनासं झालं, हे पाप आहे का? शब्दच असा आहे की सांगणारी आधीच खाली मान घालून उभी राहते. ज्या कवींना हे नाव चिकटलं त्यांतल्या कित्येकांना ते आवडत नव्हतं. पण एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही.

आपल्याकडे आपलं आयुष्य कवितेत सांगणं नवं नाही. संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात लहानपणी झालेलं लग्न, नवऱ्याचा मार, तुकोबांची ओढ, हे सगळं अभंगांत सांगून ठेवलंय. अमेरिकेत नवं होतं ते असं की वेड्यांचं इस्पितळ, आईपण न पेलणं, बाईच्या शरीराची दुखणी, हे विषय छापील पुस्तकात, सभ्य लोकांच्या दिवाणखान्यात येऊन बसले. आणि ते आणले घरच्या बायकांनी.

ॲन, दोन मुलींची आई

पहिली ॲन सेक्स्टन. जन्म 1928. कॉलेजची पदवी नाही, लवकर लग्न, बॉस्टनजवळ संसार. 1953 आणि 1955 साली दोन मुली झाल्या. त्यानंतर तिचं मन खचत गेलं. घरात एकटं राहायची भीती वाटे, मुलींना सांभाळवेना. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, इस्पितळात राहावं लागलं. धाकटी मुलगी बराच काळ आजीकडे वाढली.

तिच्या डॉक्टरांनी तिला लिहायला सुचवलं. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. टीव्हीवर एका प्राध्यापकाचा कार्यक्रम लागला होता, चौदा ओळींची कविता कशी बांधतात यावर. मराठीत या प्रकाराला सुनीत म्हणतात. ॲनने कागद-पेन्सिल घेतली आणि लिहून पाहिलं. मग 1957 साली प्रौढांसाठी चालणाऱ्या एका वर्गात कविता शिकायला गेली. एकटीला जायची भीती वाटत होती म्हणून शेजारीण सोबत घेऊन गेली.

त्या वर्गात तिला मॅक्सिन क्युमिन भेटली. तीही लेकुरवाळी, तीही लिहिणारी. दोघींची गट्टी जमली. दोघींनी आपापल्या घरी लिहायच्या टेबलाजवळ जादा टेलिफोन बसवून घेतला. सकाळी एकीने दुसरीला फोन लावायचा आणि तो तासन् तास तसाच चालू ठेवायचा. मधे पोरांचं बघायचं, घरचं काम करायचं. एखादी ओळ जमली की फोनमध्ये शिट्टी वाजवायची. दुसरी धावत येऊन ऐकायची, म्हणायची, हा शब्द बदल, इथे अडखळतंय. आम्हाला हे वाचून आपली दुपारची ओसरी आठवली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ॲन दुःख झालं आणि रडत लिहीत सुटली, असं नव्हतं. एकेका कवितेचे ती कितीतरी खर्डे करायची. सुरुवातीच्या कवितांत तर यमक आणि मात्रांची कडक बांधणी आहे. आपण गोधडी शिवतो तेव्हा आजीचं लुगडं, बाळाचं अंगडं, फाटका सदरा, सगळं त्यात जातं. पण कुठला तुकडा कशाशेजारी लावायचा, काठ कुठला धरायचा, टाका किती जवळ घालायचा, हे शिवणारी ठरवते. आयुष्य म्हणजे ती जुनी कापडं. कविता म्हणजे शिवून झालेली गोधडी.

तिच्या वर्गाचे शिक्षक, जॉन होम्स, तिला चांगलं शिकवत होते. पण इस्पितळाच्या कविता पुस्तकात घालू नकोस, पुढे पस्तावशील, असं त्यांनी तिला कळवलं. तिने त्यांना कवितेतूनच उत्तर दिलं आणि पुस्तक काढलं. ते साल 1960. पुढे 1967 साली तिला पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला.

न झालेला भाऊ

आता गंमत बघा. त्या पहिल्या पुस्तकात एक कविता आहे. तीत ‘मी’ आपल्या भावाबद्दल सांगते. लहानपणी समुद्रावर खेळलेला भाऊ पुढे लढाईत मारला जातो. वाचणाऱ्यांनी धरूनच चाललं की ॲनचा भाऊ युद्धात गेला. प्रत्यक्षात ॲनला भाऊच नव्हता. तीन बहिणींत ती धाकटी.

दुसरी एक कविता इस्पितळातल्या अविवाहित मुलीची आहे. ती आपलं तान्हं दुसऱ्यांना देऊन टाकते. हेही ॲनच्या आयुष्यात घडलेलं नव्हतं. मात्र आई, आजार आणि आजीकडे वाढलेली धाकटी लेक यांच्यावर तिने जी लांब कविता लिहिली, ती तिच्या घरात घडलेलीच आहे. म्हणजे एकाच पुस्तकात काही घडलेलं, काही मनात रचलेलं. आणि वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच खरं वाटतं.

मग ॲन खोटं बोलली का? याचं उत्तर आपल्या जात्यापाशी आहे. आपल्या आज्या दळताना ओव्या म्हणायच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत भावाच्या ओव्या केवढ्या! भाऊ दारात येतो, चोळी आणतो, वाटेला लावून जातो. आता या ओव्या म्हणणाऱ्या प्रत्येकीला भाऊ होता का? नव्हता. कुणाचा भाऊ लहानपणी गेलेला, कुणाचा असून बोलत नसलेला, कुणाला झालाच नाही. तरी जात्यावर बसली की ती म्हणते ‘माझा भाऊ’. शेजारीण तिला अडवून विचारत नाही, “तुला कुठला गं भाऊ?” कारण सगळ्यांना ठाऊक असतं की ओवीतली ‘मी’ म्हणजे ही एकटी बाई नव्हे. तिच्यात आधी गाऊन गेलेल्या बायकाही असतात, आणि ऐकणारीही असते. माया खरी असते. भाऊ असेल किंवा नसेल.

जात्यावर जे आपल्याला न शिकवता कळत होतं, ते माइकसमोर आम्ही विसरलो.

सिल्व्हिया आणि तिची रेडिओवरची कविता

दुसरी बाई सिल्व्हिया प्लाथ. जन्म 1932, बॉस्टनचाच. 1959 साली लॉवेलच्या कवितेच्या वर्गात सिल्व्हिया आणि ॲन शेजारी बसायच्या. सिल्व्हिया अभ्यासात अतिशय हुशार. विसाव्या वर्षी तीही मनाच्या आजारातून, मरणाच्या दारातून परत आली होती. पुढे शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली, तिथे टेड ह्यूज या कवीशी 1956 साली लग्न केलं. दोन मुलं झाली. 1962 च्या शरद ऋतूत दोघं वेगळे झाले. मुलं उठायच्या आत, पहाटे चारच्या सुमाराला उठून ती लिहीत असे. तिच्या गाजलेल्या कविता याच काळातल्या आहेत.

आम्हा रेडिओवाल्यांना तिची एक वेगळीच गोष्ट भावली. 1962 साली तिने इंग्लंडच्या बीबीसी रेडिओसाठी ‘थ्री विमेन’ नावाचं कवितारूप नाटक लिहिलं. ते 19 ऑगस्ट 1962 ला प्रसारित झालं. जागा बाळंतिणींचा वॉर्ड. तीन बायका आळीपाळीने आपल्या मनातलं बोलतात. एकीला मूल होतं आणि ती ते घरी नेते. दुसरी ऑफिसात काम करणारी, तिचं मूल पोटातच जातं. तिसरी कॉलेजात शिकणारी मुलगी, ती बाळंत होते आणि मूल तिथेच सोडून जाते.

सिल्व्हियाच्या आयुष्याशी ताडून पाहा. तिला दोन मुलं झाली होती, म्हणजे पहिल्या बाईचा अनुभव तिचा. 1961 च्या फेब्रुवारीत तिचा गर्भपात झाला होता, म्हणजे दुसरीचाही तिचाच. तिसरी मात्र ती कधीच नव्हती. पण ऐकताना तिसरीचा आवाज जराही उपरा वाटत नाही. ज्या बाईने दोन दुःखं भोगली तिने तिसरीचं दुःख ओळखलं. आमच्या ताईंची पाळण्याची कविता आठवा. ती त्यांची स्वतःची असेल, बहिणीची असेल, वॉर्डात शेजारच्या खाटेवर दिसलेल्या बाईची असेल. कवितेला त्याने काय फरक पडतो?

बाप आणि मधमाश्या

सिल्व्हियाची वडिलांवरची एक कविता फार प्रसिद्ध आहे. तिच्यात मुलगी बापाविरुद्ध प्रचंड संतापाने बोलते. बाप तीत नाझी आहे, म्हणजे ज्यांनी लाखो ज्यूंना मारलं त्यांच्यातला. वाचून कुणालाही वाटेल, किती क्रूर माणूस असेल हा.

प्रत्यक्षात तिचे वडील ऑटो प्लाथ लहान वयातच जर्मनीहून अमेरिकेत आले होते. ते नाझी नव्हते. बॉस्टनला जीवशास्त्राचे प्राध्यापक होते आणि भुंग्यासारख्या मोठ्या मधमाश्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. मधुमेह वेळीच ओळखला गेला नाही, पाय कापावा लागला, आणि 1940 साली ते गेले. सिल्व्हिया तेव्हा आठ वर्षांची होती. रेडिओसाठी ही कविता वाचताना तिने स्वतःच सांगितलं होतं की यातली बोलणारी मुलगी वेगळी आहे, तिचा बाप नाझी होता. म्हणजे कवयित्रीने आधीच हात वर करून सांगितलं, ही मी नाही. तरी लोक तिच्या बापाला शोधत बसले.

मग त्या कवितेत खरं काय? आठ वर्षांच्या पोरीला बाप सोडून जातो, तेव्हा तिला नुसतं रडू येत नाही, रागही येतो. गेलेल्या माणसावर राग धरायचा नसतो असं आपल्याला शिकवतात. तो राग खरा. बाकीचं त्याच्यावर चढवलेलं. मात्र ज्यूंवर झालेल्या अत्याचारांची आपल्या घरच्या दुःखाशी अशी तुलना करावी का, यावर तेव्हापासून आजवर वाद आहे, आणि तो वाद आम्हाला रास्त वाटतो. दुसऱ्याचं दुःख उसनं घेताना हात जपून घालावा लागतो.

वडिलांच्या मधमाश्या तिने पुढे दुसऱ्या वाटेने आणल्या. 1962 साली ती इंग्लंडमधल्या खेडेगावात राहत होती. तिथे तिने मधमाश्यांची पेटी आणली, पाळायला शिकली. ऑक्टोबरात आठवड्याभरात तिने मधमाश्यांवर पाच कविता लिहिल्या. तुमच्यापैकी कुणी मधपेट्या ठेवत असेल तर तिला या कविता कळतील. माश्या फुलं नसताना कशा तगतात, त्यांना साखरेचा पाक कसा द्यायचा, राणीमाशी कुठे दडते. या सगळ्या कामाच्या गोष्टी, आणि त्यातच संसार मोडलेल्या बाईचा हिवाळा काढायचा निर्धार.

पुस्तकाचा क्रम

सिल्व्हिया 11 फेब्रुवारी 1963 ला गेली. तिने आपणहून जीव दिला. वय तीस. ॲननेही पुढे 1974 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, तेच केलं. हे सांगताना आम्हाला जड जातंय, पण झाकून ठेवणंही बरोबर नाही.

सिल्व्हियाच्या टेबलावर एक काळी फाइल सापडली. ‘एरियल’ नावाचं पुस्तक तिने लावून ठेवलं होतं. तिच्या क्रमाप्रमाणे पुस्तकातला पहिला शब्द ‘प्रेम’ या अर्थाचा होता, आणि शेवटी मधमाश्यांच्या कविता येऊन ते ‘वसंत’ या शब्दावर संपत होतं. पण 1965 साली पुस्तक छापलं गेलं ते टेड ह्यूजने लावलेल्या क्रमाने. त्याने काही कविता काढल्या, शेवटच्या दिवसांतल्या काही घातल्या. त्यामुळे वाचणाऱ्याला पुस्तक मरणाकडे उतरत गेल्यासारखं दिसलं. एकाच बाईच्या कविता, पण क्रम बदलला आणि आयुष्याची गोष्टच बदलली. तिचा मूळ क्रम थेट 2004 साली छापला गेला, मुलगी फ्रीडाच्या प्रस्तावनेसह.

लोकही मागे राहिले नाहीत. तिच्या थडग्याच्या दगडावर नवऱ्याचं आडनाव होतं, ते लोकांनी पुन्हा पुन्हा छिनून काढलं. आधी तर तिची प्रत्येक कविता लोक मरणाची चिठ्ठी समजून वाचत. ती स्वयंपाकात हौशी होती, तिने बाळांवर हळुवार कविता लिहिल्या, तिच्या लिहिण्यात खट्याळपणाही होता, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

2000 साली लंडनमध्ये तिच्या आठवणीची पाटी लावायची ठरली. ती ज्या घरात गेली तिथे का लावत नाही, असं लोकांनी विचारलं. फ्रीडाचं म्हणणं होतं की पाटी तिथेच हवी जिथे आई जगली. तिथे ती आई झाली, तिथे तिने कादंबरी लिहिली, तिचं पहिलं पुस्तक निघालं. पाटी त्याच घरावर लागली.

इथे थांबून एक सांगतो. कविता लिहून मनाचा आजार बरा होतो असं नाही, आणि कवितेमुळे तो होतो असंही नाही. लिहिण्याने ॲनला कित्येक वर्षं आधार मिळाला, पण औषधोपचाराची जागा वही घेऊ शकत नाही. तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कुणाला जगणं नको वाटत असेल, तर एकटीने सोसू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर 14416, एक चार चार एक सहा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आशाताईंशीही बोला.

दुसऱ्याची पत्रं

आता उलटी बाजू. कवी स्वतःचं सांगतो तेव्हा त्यात दुसऱ्याचंही येतंच. नवरा येतो, सासू येते, लेकरं येतात. त्यांना कुणी विचारलं का?

रॉबर्ट लॉवेलने 1973 साली ‘द डॉल्फिन’ हे पुस्तक काढलं. त्याने बायकोला, एलिझाबेथ हार्डविकला, सोडून पुन्हा लग्न केलं होतं. सोडलेल्या बायकोने दुखावून लिहिलेल्या पत्रांतला मजकूर त्याने आपल्या कवितांत घातला, तोही फेरफार करून. म्हणजे शब्द थोडे तिचे, थोडे त्याचे, आणि वाचणाऱ्याला वाटणार सगळे तिचेच. त्याची जवळची मैत्रीण, कवयित्री एलिझाबेथ बिशप हिने पुस्तक छापायच्या आधीच त्याला कळकळून पत्र लिहिलं की कला कितीही मोठी असली तरी ती यापेक्षा मोठी नाही. त्याने थोडे बदल केले आणि पुस्तक काढलं. एड्रिएन रिच या कवयित्रीने त्यावर कडक टीका केली. पुस्तकाला पुलित्झर मिळालं. हार्डविकला काय मिळालं, हे तुम्हीच ठरवा.

आम्ही यावर आपसात खूप वाद घातला. एकजण म्हणाली, मग बाईने नवऱ्याच्या माराबद्दल लिहूच नये का? त्याची बदनामी होईल म्हणून? दुसरी म्हणाली, दोन्ही एक नाही. मार खाल्लेली बाई आपल्या पाठीवरचे वळ दाखवते, ते तिचेच असतात. लॉवेलने दुसरीची पत्रं उघडली, आणि वर त्यांत आपले शब्द घातले. आम्हाला हे पटलं. आपलं सांगायचा हक्क आपला. दुसरीच्या तोंडी शब्द घालायचा हक्क आपला नाही.

मग आम्ही काय ठरवलं

एवढं वाचून आम्ही केंद्रावर नियम केले. कविता वाचून झाल्यावर ‘हे तुमच्या घरचं का’ हा प्रश्न विचारायचा नाही. बाईने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, एरवी नाही. विचारायचंच असेल तर कवितेबद्दल विचारायचं: ही ओळ कशी सुचली, हा शब्द का घेतला, किती वेळा खोडून लिहिली. वाचणारीला हवं असेल तर नाव न घेता वाचू. आणि प्रसारणाआधी दोन दिवस तिला विचार बदलायला मोकळीक देऊ.

आणि तुम्ही लिहीत असाल तर एवढंच. ‘मी’ लिहायला भिऊ नका. ‘मी’ म्हटलं की ते तुमचंच असलं पाहिजे अशी सक्ती नाही, आणि तुमचं असेल तर ते कबूल करायचीही सक्ती नाही. कविता म्हणजे जबानी नव्हे. खाली तुमची सही लागत नाही.

त्या ताई आता बैठकीला येतात. हे बोलणं आम्ही प्रसारणाआधी त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांनी एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं. निघताना त्यांनी पिशवीतून वही काढली. नवी आहे, पुढच्या पानापासून सुरू केलेली. पहिली कविता वाचली. कुणाची आहे, आम्ही विचारलं नाही. तिसऱ्या ओळीत एक शब्द अडतोय असं आमच्यातली एक म्हणाली, तर ताई म्हणाल्या, “मलाही तोच खटकतोय.” मग अर्धा तास आम्ही त्या एका शब्दावर बोललो.

गटात बोलण्यासाठी

1. तुम्हाला येणाऱ्या एखाद्या ओवीतली ‘मी’ कोण आहे? ती म्हणणाऱ्या बाईच्या घरात तसंच घडलं होतं का?

2. एखादीने गटात मनातलं सांगितलं, तर ते बाहेर जाऊ नये म्हणून आपला काही नियम आहे का? नसेल तर कोणता करता येईल?

3. आपली गोष्ट सांगताना त्यात येणाऱ्या दुसऱ्या माणसांचं काय करावं?

तुमची उत्तरं आणि कविता केंद्रावर पाठवा. नाव लिहायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर. येतो आम्ही. भांडी झाली असतील एव्हाना.